मदत हवी आहे: फ्लॅश वरून दिला की फोटोत माशाची पाठ जळते (पांढरी पडते), पोटाखाली काळोख

नमस्कार मंडळी,

घरी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. क्लाउनफिशची जोडी, एक यलो टँग, एक रॉयल ग्रामा आणि लाइव्ह रॉकवर (सूक्ष्मजीव वसलेल्या खडकावर) हळूहळू पसरत चाललेले झोआंथस, म्हणजे एक प्रकारचं कोरल. टाकी आता बघण्यासारखी झाली आहे, फोटोत मात्र काही केल्या तशी उतरत नाही.

लेन्स १०० मिमी मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची). कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरच्या काचेवर आपटून परत येतो, म्हणून वायरलेस ट्रिगर घेतला, त्याने फ्लॅश कॅमेऱ्यापासून दूर ठेवून उडवता येतो. फ्लॅश टाकीच्या काचेच्या झाकणावर पालथा ठेवतो. उघड्या पाण्यावर धरला तर खारे तुषार त्याची वाट लावतील. लेन्सचा रबरी हूड काचेला टेकवला की खोलीचं प्रतिबिंब येत नाही. कॅमेरा काचेशी काटकोनात ठेवतो, तिरका झाला की माशाच्या कडेला रंगीत रेघा सुटतात. शटर १/२००, ॲपर्चर एफ/११, आयएसओ २००.

मासा फोटोत हवा तसा गोठतो, हललेला येत नाही, तिथे तक्रार नाही. पण टँगची पाठ पांढरीफटक आणि पोट काळंमिट्ट. त्यात पाठीवर उजेडाच्या वेड्यावाकड्या रेघा, जणू कुणी खडूने गिरगटलंय. फ्लॅश वाढवला की पाठ आणखी जळते, कमी केला की पोट गायब.

दुसरा त्रास झोआंथसचा. निळ्या एलईडीखाली ते हिरवेगार चमकतात, फ्लॅश पडला की मातकट. मासा आणि कोरल दोन्ही एकाच फोटोत नीट येतील असं काही जमतं का? दुसरा फ्लॅश घ्यावा लागणार असेल तर तेही सांगा, पण आधी आहे त्यात काय करता येईल ते कळलं तर बरं.

उत्तर १:
दुसऱ्या फ्लॅशची घाई नको. आत्ताचा बहुधा माशाच्या बरोबर डोक्यावर येत असणार. तो समोरच्या काचेजवळ सरकवा आणि तोंड किंचित मागच्या काचेकडे कलवा, म्हणजे उजेड माशाच्या तुमच्याकडच्या अंगावर पडेल. खाली पांढरी वाळू असेल तर मासा तळाजवळ आल्यावर क्लिक करा, पोटाखाली फुकटचा उजेड मिळतो. रेघा पाण्याच्या लाटांमुळे येतात, प्रत्येक लाट भिंगाचं काम करते. पंप थोडा वेळ बंद ठेवा, फ्लॅशपुढे डिफ्यूझर (उजेड पसरवून मऊ करणारा पडदा) लावा. पंप थांबला की तरंगणारा कचराही खाली बसतो, नाहीतर त्याचे पांढरे ठिपके निस्तरत बसावं लागतं.

उत्तर २:
कोरलबद्दल स्पष्ट सांगतो, ती चमक साध्या पांढऱ्या फ्लॅशने मिळणारच नाही. निळा उजेड शोषून कोरल स्वतः हिरवा उजेड सोडतं आणि फ्लॅशचा पांढरा झोत तो पार बुडवून टाकतो. कोरल कुठे पळत नाही, त्यामुळे त्याचा फोटो वेगळा काढा: ट्रायपॉड, पंप बंद, फ्लॅश बंद, लेन्सवर पिवळा फिल्टर. दोन्ही एकत्रच हवं असेल तर शटर १/६० पर्यंत खाली आणा. एलईडीचा वाटा वाढेल, फ्लॅशचा तेवढाच राहील. मात्र पोहणाऱ्या माशाची धूसर रेघ उमटेल, तेव्हा तो एका जागी थबकलेला असतानाच बटण दाबा.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. फ्लॅश पुढे सरकवून पाहिला, टँगचं पोट चक्क दिसायला लागलं! पाठ अजून थोडी जळते, डिफ्यूझर लावून बघतो. एक शंका राहिली: १/६० वर मागचा खडक निळाजांभळा येतो आणि मासा मात्र नेहमीच्या रंगाचा. फ्लॅशवर फिकट निळी जेल (रंगीत पारदर्शक पट्टी) लावून व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातली रंगांचा तोल साधणारी सेटिंग) त्यानुसार ठेवला, तर हा फरक मिटेल का? कुणी करून पाहिलं असेल तर सांगा.