खोताची वाडी राखायची, पण कुणाच्या पैशांनी?

गिरगावकर:
मुंबईत गिरगावातली ही खोताची वाडी. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी इथली जमीन ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिली. पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना, वर कौलं. एकेकाळी 65च्या आसपास घरं होती, आज निम्मीही नाहीत. 1995ला मुंबईसाठी वारसा नियमावली आली, तरी घरं पडतच राहिली. यापुढे एकही पाडू देऊ नये. टॉवर कुठेही उभा राहील, ही वाडी पुन्हा होणार नाही.

माडीवरची:
दादा, अशा घरात राहून बघा. गेल्या पावसाळ्यात आमच्या तुळईला वाळवी लागली. वरून रंग शाबूत, बोट दाबलं तर आत नुसता भुसा. तसलं जुनं सागवान शोधायचं, चुन्यात काम करणारा गवंडी शोधायचा, आणि खर्च सगळा आमचा. पाडू नका म्हणायला सगळे येतात. शाकारणीला कुणी येत नाही.

चाळकरी:
ताईंशी सहमत. मी जवळच्याच सेसच्या, म्हणजे दुरुस्तीकर भरणाऱ्या जुन्या चाळीत पागडीवर भाड्याने राहतो. म्हाडाचं दुरुस्ती मंडळ टेकू लावून जातं, तो टेकूच मग वर्षानुवर्षं राहतो. अशा चाळींच्या पुनर्विकासाच्या 33(7) या नियमाखाली निदान 300 चौरस फुटांची मालकीची जागा मिळते. म्हातारी माणसं सार्वजनिक संडासासाठी रात्री जिना उतरतात, त्यांना वारसा काय सांगणार?

गिरगावकर:
चाळीचा प्रश्न खराच आहे, पण तो वेगळा. तिथे दाटी आहे, इथे एकेका कुटुंबाचं घर आहे. आणि ताई, नियमात वाट आहे की. वारशामुळे बांधकामाचा हक्क बुडाला तर तो दुसऱ्या जागेवर वापरण्यासाठी टीडीआर म्हणून विकता येतो. तो पैसा त्याच घरावर खर्च करायची सक्ती करा.

माडीवरची:
टीडीआर मिळेल तेव्हा मिळेल, पाऊस जूनमध्ये येतो. शिवाय घर चार भावंडांच्या नावावर. एक वसईला, एक परदेशात. दुरुस्तीचा विषय काढला की सगळे गप्प. बिल्डर आला की चारही सह्या आठवड्यात तयार! सक्ती आमच्यावर कसली करता? पालिकेने सुतार-गवंडी द्यावेत, सागवानाचा निम्मा खर्च उचलावा, कौलं बदलायला कागदपत्रं मागू नयेत. एवढं केलंत तर बिल्डरला दारातून परत पाठवायला मी सर्वात आधी उभी राहीन. तोवर विकणाऱ्याला नावं ठेवू नका.