स्टेक वातड निघाला, दोष जनावराच्या जातीचा का?

टूवूम्बाकर
शनिवारी एकाच दुकानातून, एकाच किमतीचे दोन रम्प (पुठ्ठ्याच्या मांसाचे) स्टेक आणले. तवा तोच, आच तीच. एक सुरी टेकताच कापला गेला, दुसरा चावून चावून जबडा दुखला. दुकानदार म्हणतो, "ब्राह्मन जातीच्या गुराचं रक्त असणार." मऊपणा खरंच रक्तात असतो का हो?

सांगलीचा_डॉक्टर
असतो, पण त्याने सोयीचं तेवढंच सांगितलं. मी गुरांचा डॉक्टर, सध्या ऑस्ट्रेलियात रॉकहॅम्प्टनला कत्तलखान्यात मांसाची प्रत ठरवतो. जनावर कापल्यावर स्नायूतलं कॅल्पेन नावाचं एन्झाइम धागे आतून तोडायला लागतं. कॅल्पास्टॅटिन त्याचा लगाम. ब्राह्मनसारख्या वशिंडाच्या गुरांत हा लगाम जास्त आवळलेला, म्हणून मांस वातड.

ब्राह्मन मूळचं आपल्याकडचंच बरं का. गीर, कांकरेज, ओंगोल आणि आमच्या कृष्णाकाठची गुरं, यांच्यापासून अमेरिकेत घडवलं आणि 1933 साली ऑस्ट्रेलियात आणलं. उन्हाला आणि गोचिडांना दाद देत नाही, म्हणून क्वीन्सलँडवाल्यांना ते सोडवत नाही.

मी रोज टांगलेल्या धडाचं वशिंड पट्टीने मोजतो, मिलिमीटरमध्ये. उंच भरलं की गुण उतरतात. पण तेच धड घोट्यामागच्या शिरेला न टांगता कमरेच्या हाडात आकडा अडकवून टांगलं, तर रम्पचे स्नायू ताणलेले राहतात, आखडत नाहीत. मग वशिंडाचा बराचसा दोष झाकला जातो. जनावर तेच, फक्त आकड्याची जागा बदलली!

टूवूम्बाकर
मग डीएनए तपासून मऊ मांसाचा वळूच का निवडत नाहीत?

सांगलीचा_डॉक्टर
निवडतात की. पण कॅल्पेनच्या जनुकात 316 म्हणून एक खूण आहे, तिचं चांगलं रूप ब्राह्मनमध्ये जवळजवळ सापडतच नाही. त्यांच्यासाठी 4751 ही दुसरी खूण शोधावी लागली. शिवाय एकेका खुणेने फरक पडतो तो थोडाच. नुसता कागद बघून महागडा वळू घेणाऱ्याला मी तरी दोनदा विचार करायला सांगेन.

मेलबर्नची_मावशी
एवढं शास्त्र कशाला? कच्ची पपई किसून लावा. आई जून बोकडाला हेच करायची.

सांगलीचा_डॉक्टर
मावशी, शास्त्र तेच! कॅल्पेन आतून करतं ते पपई बाहेरून करते. फक्त रात्रभर लावून ठेवू नका, वरचा थर पिठासारखा होतो.

टूवूम्बाकर, मांस किती दिवस थंड ठेवून मुरवलंय ते पाकिटावर लिहिलं होतं का? कॅल्पेनला वेळ लागतो. आमच्याकडे प्रत ठरवलेल्या मांसाला निदान 5 दिवस. 14 दिवस थंड ठेवलं तर ब्राह्मनही बरंच नरम येतं.

टूवूम्बाकर
केराच्या डब्यातून पाकिटं काढली, बायको बघतच राहिली. एकावर कोपऱ्यात बारीक अक्षरात "21 दिवस" आहे, दुसऱ्यावर काहीच नाही. कुठलं पाकीट कुठल्या स्टेकचं, ते मात्र आता देव जाणे.