कोरफड लावली आणि आग वाढली, लवकर सांगा

अंत्रुजकर: आईसाठी विचारतोय. कोरफड लावली तर थंड वाटायचं सोडून खाज सुटली, कडेने लाल झालंय. सगळे म्हणतात कोरफडीने काही होत नाही. काय करू?

म्हापशेकर: अरे बाबा, लावली कशावर? भाजलंय, ऊन लागलंय की नुसतीच तोंडाला?

अंत्रुजकर: भाजलंय म्हणूनच ना! काल बांगडे तळताना मनगटावर तेल उडालं. कोरफड कुंडीतली, ट्यूबमधली नाही.

आमसूल: कोरफड सोडा, भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल लावा. माझ्या टाचा त्यानेच बऱ्या होतात.

निवांत: आमसूलताई, भेगा वेगळ्या, भाजणं वेगळं. ताज्या भाजल्यावर तेल, तूप, टूथपेस्ट काही नको. वाहत्या पाण्याखाली २० मिनिटं हात धरायचा. ती वेळ काल गेली. अंत्रुजकर, पानाचा चीक निथळू दिला होता?

अंत्रुजकर: चिरलं आणि चोळलं. चीक कसला?

निवांत: सालीखाली पिवळा, कडू चीक असतो. तोच आटवून काळा बोळ करतात, जुलाबाचा. काहींच्या कातडीला तो सोसत नाही. पान कापलं की कापलेली बाजू खाली करून १०-१५ मिनिटं उभं ठेवायचं, साल काढून गर धुवायचा. आता आधी हात साध्या पाण्याने धुवा.

कुंडीवाली: पानांवर पांढरे ठिपके आहेत का? मग ती शोभेची, औषधी नव्हे.

म्हापशेकर: कोणी सांगितलं? खऱ्या कोरफडीच्या लहान रोपांवरही ठिपके असतात.

कुंडीवाली: बरं. माझी दर पावसात मुळातून कुजते, त्याचं काय?

वैद्यांचा_नातू: रोज रस पाजा, आतून बरं होईल.

निवांत: मनगट भाजलंय आणि रस पोटात? सालीसकट काढलात तर जुलाब लागतील त्यांना. अंत्रुजकर, फोड आलेत? त्यांना मधुमेह वगैरे?

अंत्रुजकर: दोन आलेत, एक फुटला. शुगर आहे, पण त्याचा काय संबंध?

निवांत: शुगर असली की जखम चिघळायला वेळ लागत नाही! कोरफड, भिरंडेल सगळं बंद. दुसरा फोड फोडू नका, वर स्वच्छ कापड सैल बांधा आणि आजच डॉक्टरला दाखवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा.

अंत्रुजकर: आज रविवार. फोंड्यात दवाखाने बंद.

म्हापशेकर: सरकारी इस्पितळ आहे की! तिथे इमर्जन्सीत जा.

अंत्रुजकर: निघतो. आई म्हणते, आधी जेवू दे.

म्हापशेकर: कुंडीवाली, मातीत निम्मी वाळू घाला आणि पावसाळाभर कुंडी पडवीत ठेवा.