पॉलिसीचं काम सोडून रत्नागिरीला जाऊ का?

गुहागरची_लेक
मी गुहागर तालुक्यातली. एमएसडब्ल्यू करून मुंबईत एका संस्थेत लागले. विषय कौटुंबिक हिंसाचार, पण माझ्या वाट्याला पॉलिसीची बाजू. २००५ च्या कायद्याची अंमलबजावणी कशी चाललीय ते बघायचं, जिल्ह्याजिल्ह्यांत माहिती अधिकाराचे अर्ज टाकायचे, उत्तरं एक्सेलमध्ये भरायची, अधिवेशनाआधी आमदारांना निवेदनं द्यायची. काम आवडतं. पण समोर बसून बोलणारी बाई मला क्वचितच भेटते.

आता रत्नागिरीत एका छोट्या संस्थेत समुपदेशकाची जागा आहे. पगार कमी. आमच्या मॅडम म्हणतात, ‘एकदा फील्डवर गेलीस की पॉलिसीत कुणी परत घेत नाही.’ आईचं तिसरंच, एमपीएससी दे. इथे कुणी या क्षेत्रातलं आहे का? खरंच दार बंद होतं?

सुमनताई_चिपळूण
मॅडमचं मला पटत नाही. मी समुपदेशनातलीच, तेव्हा माझं म्हणणं एकतर्फी समज हवं तर.

आपल्याकडे नवरा मुंबईला, बायको गावी सासू-दिरांच्या हाताखाली. तो शिमग्या-गणपतीला आला की मारहाण, एरवी पैशाची कोंडी. कायद्यात आर्थिक छळही हिंसाच आहे, आणि कलम २७ प्रमाणे बाई तात्पुरती माहेरी असली तरी तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. पण समन्स जातं मुंबईच्या खोलीवर, आणि याने खोली कधीच बदललेली! पहिली तारीख साधारण ३ दिवसांत, निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कलम १२ सांगतं. उशीर तुला एक्सेलमध्ये दिसेल. तो कुठे अडकला ते इथे कळेल.

आणि बायका येतात कधी? आठवडा बाजाराला. त्या दिवशी पिशवी घेऊन निघालं की ‘कुठे चाललीस’ कुणी विचारत नाही. एक जण आधी सुकी मासळी घ्यायची आणि मगच आमच्याकडे वळायची, कारण पिशवी रिकामी दिसली तर घरी उलटतपासणी. बोलताना डोळा घड्याळावर, एसटी चुकायला नको. फोनवर बोल म्हणावं तर फोन सासूच्या हातात. आणि आमच्या केंद्राची सुट्टी नेमकी बाजाराच्या दिवशी! ती बदलून घ्यायला पत्रांवर पत्रं लिहावी लागली. ही पॉलिसी नाही तर काय गं?

कुडाळकर
गो बाये, पगार किती देतत ता आधी इचार. प्रकल्पाचो फंड संपलो की मगे काय करतलंस? समाजसेवेन घरभाडा भागना नाय.

तळटीप
कुडाळकरांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. नेमणूकपत्रात मुदत आणि पीएफ बघा. मी दोन्हीकडे काम केलंय, परत घेतात. मात्र तिथे असताना लिहीत राहायला हवं. नावगाव वगळून नोंदी ठेवा, महिन्यातले दोन दिवस लिखाणासाठी आधीच मागून घ्या. सध्याच्या संस्थेत वर्षभराची बिनपगारी रजा मिळते का तेही विचारा, लोक थेट राजीनामाच देतात.

जाता जाता: संरक्षण अधिकाऱ्यांची (या कायद्याखाली बाईला मदत करायला सरकार नेमतं ते) मंजूर आणि भरलेली पदं एवढंच विचारता का माहिती अधिकाराच्या अर्जात? अतिरिक्त कार्यभार किती जणांकडे आहे आणि गावात जायला प्रवासभत्ता मिळतो का, हेही विचारा. पद भरलेलं असतं, माणूस दुसऱ्याच टेबलावर असतो.

गुहागरची_लेक
कार्यभाराचा रकाना आमच्याकडे नाहीच! पुढच्या अर्जात घालते. रजेचं सोमवारी विचारते, आईला तूर्त काही सांगत नाही. सुमनताई, व्यनि (खासगी निरोप) केलाय, चिपळूणला बाजाराच्या दिवशी आले तर बसू द्याल का केंद्रात?

सुमनताई_चिपळूण
ये. पण बायका बोलत असताना वही बाहेर काढायची नाही.