मिटणारा चाकू हरवू नये म्हणून काय करता?

ट्रेकला, बागेत, सायकलवर किंवा रोज खिशात मिटणारा चाकू बाळगणाऱ्यांसाठी हा धागा. कोणता चाकू चांगला यावर पुष्कळ लिहून झालंय, ते इथे नको. बाळगता कसा, कशाला अडकवता, कुठली युक्ती टिकली, कुठली फसली आणि का, ते लिहा. मापं द्या, म्हणजे वाचणाऱ्याला करून बघता येईल.

कातळकडा

चाकू दोन तऱ्हांनी जातो. एक, खिशातून निसटतो. दुसरी, काकडी कापून झाल्यावर कातळावर ठेवला जातो, डबे भरले जातात, सॅक पाठीवर चढते आणि मंडळी निघतात. दुसरी तऱ्हाच जास्त, आणि तिच्यावर चाकू खिशाच्या काठाला धरणाऱ्या क्लिपचा काही इलाज नाही. त्यावर दोरीच हवी.

लांबी अशी काढायची: दोरीचं टोक कमरपट्ट्याला धरायचं, हात पूर्ण लांब करायचा, मुठीपर्यंतचं अंतर अधिक १० सेंमी. बहुतेकांना ९० ते १०० सेंमी पुरते. त्याहून आखूड घेतली की कापताना ओढ बसते आणि माणूस वैतागून दोरी सोडून टाकतो. स्विस चाकूच्या कडीतून ४ मिमीची पॅराकॉर्ड (पॅराशूटची विणीव दोरी) दुहेरी जात नाही, २ मिमीची नायलॉनची घ्या. मधे किल्ल्यांची रिंग ठेवू नका. करवंदीच्या जाळीत ओढली गेली की रिंगचे वेढे फाकतात. दोरीचा फास थेट चाकूच्या कडीतून ओवायचा, दोरीचं दुसरं टोक त्या फासातून काढून ओढायचं. टोकं जोडायला साधी निरगाठ नको, नायलॉनवर ती हळूहळू सरकते. डबल फिशरमन नावाची गाठ मारा, शेपट्या किमान १ सेंमी ठेवा, पाण्यात भिजवून आवळा आणि टोकं लायटरने वितळवा.

दोरी गळ्यात किंवा मनगटात कधीच नाही. उघडा चाकू सुटला तर झोका खाऊन पातं अंगावरच येतं. कमरेच्या दोरीतही तो मांडीला लागू शकतो, म्हणून हातातून सोडण्याआधी मिटायचा. चढताना जादा दोरी गुंडाळून रबर लावून खिशात कोंबा.

सुईदोरा

शिवणकामाच्या बाजूने लिहितो. पॅंटचे तिरके खिसे आणि कुर्त्याच्या बाजूचे खिसे बसल्यावर आडवे होतात. एसटीच्या किंवा गाडीच्या सीटच्या फटीत चाकू जातो तो असा. उपाय म्हणजे खिशाच्या आत उभा चोरखिसा.

माप: चाकूची रुंदी अधिक जाडी, त्यात ८ मिमी सैलपणा. ९१ मिमीचा दोन पात्यांचा स्विस चाकू साधारण २७ मिमी रुंद, १५ मिमी जाड. म्हणजे शिवून तयार रुंदी ५ सेंमी. खोली ११ सेंमी, चाकू पूर्ण आत बुडून वर बोटभर जागा राहिली पाहिजे. कापड जुन्या जीन्सचं. सुती अस्तराचं घेतलं तर तळाचा कोपरा घासून भोक पडतं.

हा चोरखिसा खिशाच्या अस्तरावर नुसता टाचू नका. त्याची एक कड पॅंटच्या बाजूच्या शिवणीत धरा, म्हणजे वजन शिवणीवर येतं. तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांना मशीन तीन-चार वेळा मागेपुढे चालवा, उसवायची सुरुवात तिथूनच होते. शर्टाच्या वरच्या खिशात मात्र चाकू ठेवूच नये. वाकलं की पडला.

खुंटकलम

बागेत कलमं करताना दोरी अडचणीची. कोय कलमात (कोयीच्या कोवळ्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधतात, त्यात) दर मिनिटाला चाकू हातात, मग काडी, मग प्लॅस्टिकची पट्टी. दोरी रोपांच्या पिशव्यांत गुंतते. तिथे जागा ठरवायची. कमरेच्या उजव्या बाजूला उघड्या तोंडाचं चामड्याचं म्यान, त्यात चाकू मिटूनच जाणार. काडीवरचा ३-४ सेंमीचा पाचरीसारखा काप झाला की चाकू आधी म्यानात, मग पट्टी बांधायला घ्यायची. पट्टीला दोन्ही हात लागतात आणि चाकू जमिनीवर राहतो तो नेमका याच क्षणी. चार माणसं कामाला असतील तर ओळ संपल्यावर चाकू मोजून घ्या.

पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात चाकू रात्रभर ठेवू नका. ओल धरते, आणि कार्बन स्टीलचं पातं सकाळपर्यंत गंजलेलं असतं.

टॉर्क्स_आठ

क्लिपवाल्यांसाठी. क्लिप लावलेले चाकू १९८१ मध्ये स्पायडर्को या अमेरिकन कंपनीने आणले, आता बहुतेक कंपन्या देतात. क्लिप चाकू खिशात धरते, पण तिचे स्क्रू सैल झाले तर चाकूच खाली आणि क्लिप खिशाला, असं होतं.

बहुतेक क्लिपांना टी६ मापाचे टॉर्क्स (चांदणीसारख्या खाचेचे) स्क्रू असतात, काहींना टी८. ते काढून स्पिरिटने पुसा, पूर्ण वाळू द्या, निळ्या थ्रेडलॉकरचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या चिकट द्रवाचा) टाचणीच्या टोकाएवढा थेंब लावून बसवा आणि २४ तास वापरू नका. लाल थ्रेडलॉकर नको, तो सोडवायला तापवावं लागतं आणि तेवढ्यात स्क्रूचं डोकं जातं. तेलकट आट्यांवर दोन्हीपैकी कुठलाच धरत नाही.

पकड सैल वाटली तर क्लिप चाकूवर असतानाच पक्कडीने वाकवू नका, आटे उपटतात. सुटी करून थोडी थोडी वाकवा. परत बसवल्यावर, मधे कापड नसताना, तिचं टोक मुठीला जेमतेम टेकलं पाहिजे. ट्रेकच्या पातळ पॉलिएस्टर पॅंटवर क्लिप घसरते. तिथे ती खिशाच्या दुमडलेल्या जाड काठावरच बसवा.

मिटून खिशात लावल्यावर पात्याचं टोक वर राहणारा चाकू उजव्या खिशात मागच्या शिवणीला चिकटवून ठेवायचा. पात्याची पाठ शिवणीला टेकलेली असते, त्यामुळे तो खिशात उघडत नाही. सॅकचा कमरपट्टा क्लिपवरून गेला तर क्लिप वाकलीच समजा. सॅक असेल त्या दिवशी चाकू सॅकच्या कमरपट्ट्याच्या चेनच्या खिशात.

रानभूल

+१ कातळकडा. रंगाचंही बघा. लाल मूठ दुकानात उठून दिसते, कोकणात जांभ्याच्या मातीवर गायब होते. लाकडी मूठ दिवाळीनंतरच्या वाळक्या गवतात. निळा किंवा झगझगीत नारिंगी गोंडा लावा, ८-१० सेंमीचा. काळी पॅराकॉर्ड कशाला विकतात हे कोडंच आहे.

पट्ट्याच्या पाऊचला वेल्क्रो नको. ऑक्टोबरनंतर त्यात कुसळं भरतात आणि दोन ट्रेकमध्ये पकड संपते. टिच बटण बरं.

बीचवूड

ओपिनेल ८ (लाकडी मुठीचा फ्रेंच चाकू) वापरणाऱ्यांना: साध्या मॉडेलला क्लिप नाही, कडीही नाही. मुठीच्या शेपटाला भोक पाडता येतं, पण आधी पात्याची खाच कुठे संपते ते बघा. पातं उघडून खाचेत पातळ तार घाला, ती जिथे थांबेल ती खूण मुठीवर बाहेरून करा आणि भोक त्या खुणेच्या पलीकडे, शेवटाच्या भरीव लाकडात घ्या. काठापासून निदान ८ मिमी आत. ३ मिमीचं ड्रिल, सावकाश, अर्धं एका बाजूने आणि अर्धं दुसऱ्या बाजूने, नाहीतर बाहेर पडताना लाकडाचा टवका निघतो. भोकात जवसाचं तेल मुरू द्या. नाही मुरवलं तर पावसात तिथूनच पाणी शिरतं, मूठ फुगते आणि पातं आत अडकून बसतं.

कनवट

खिसेच नसतात त्यांचं काय? सलवारीच्या नाडीला अडकवायचा असेल तर नाडीच्या गाठीला नको, गाठ सुटली की दोन्ही गेलं. नेफ्याच्या आतल्या बाजूला रुंद पट्टीचा फासा शिवून त्यात दोरी अडकवा. ५८ मिमीचा छोटा चाकू कनवटीला राहतो, पण उकिडवं बसलं की सरकतो. म्हणून त्यालाही दोरी. पर्समध्ये असेल तर आतल्या चेनच्या कप्प्यात, कप्प्याच्या पट्टीला बांधून.

चेकइन

विमानतळावर जाणारे चाकू वेगळेच. किल्ल्यांच्या जुडग्यात लावलेला ५८ मिमीवाला हमखास विसरतो. हातातल्या सामानात चालत नाही, सुरक्षा तपासणीत काढून घेतला तर गेलाच. आदल्या रात्री काढून चेक-इनच्या बॅगेत टाका. शहरात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली हत्यारं बाळगायला बंदीचा आदेश लागू असतो तेव्हा चाकू घरीच ठेवा.

कातळकडा

हरवल्यावर शोधायचं कसं तेही लिहितो. लक्षात आलं तिथे सॅक ठेवून खूण करा, शेवटचं कापलं त्या जागेपर्यंत आलेल्याच पायवाटेने परत जा, तिथून शोधत पुढे या. संध्याकाळ झाली असेल तर टॉर्च डोक्यावर नको, हातात घेऊन जमिनीलगत आडवा धरा. धातू चमकतो आणि मुठीची सावली लांब पडते. टाक्यात किंवा विहिरीत पडला असेल तर दोरीला स्पीकरचं चुंबक बांधून तळावर फिरवा. पात्याचं स्टील स्टेनलेस असलं तरी चुंबकाला धरतं, गळाला नुसती मूठ सहसा सापडत नाही. वर आल्यावर उघडून वाळवा, बिजागरीत मशीनच्या तेलाचा थेंब सोडा आणि दहा-बारा वेळा उघडमीट करा.