१८ स्क्वाड्रन म्हणजे फक्त सेखों नव्हे

भारतीय हवाई दलाच्या १८ स्क्वाड्रनबद्दल एका प्रतिसादात 'तिचा इतिहास सेखोंपाशी (१९७१ च्या युद्धातले परमवीर चक्र विजेते वैमानिक निर्मलजीत सिंग सेखों) सुरू होऊन तिथेच संपतो' असं म्हटलंय. अर्धंच पटलं.

ही स्क्वाड्रन १९६५ च्या एप्रिलमध्ये अंबाल्याला उभी राहिली, तीच नॅट लढाऊ विमानांवर. नॅट म्हणजे एवढंसं विमान, दोन ३० मिमी तोफा, पण हवेत चपळ आणि लांबून दिसायला अवघड. भारत-पाक युद्धबंदी करारामुळे श्रीनगरला लढाऊ विमानं कायमची ठेवता येत नसत, म्हणून १९७१ चं युद्ध पेटल्यावर या स्क्वाड्रनची तुकडी तिथे गेली. सेखों आणि त्यांचे सहकारी त्या खोऱ्याला आणि तिथल्या थंडीला सरावलेले नव्हते, हे आपण विसरतो. १४ डिसेंबरला सहा पाकिस्तानी सेबर विमानांचा हल्ला चालू असताना, धावपट्टीवर बॉम्ब पडत असताना, त्यांनी उड्डाण केलं. जोडीदार वैमानिक घुम्मन यांना ते दिसेनासे झाले आणि सेखों एकटेच झुंजत राहिले. हवाई दलाला मिळालेलं आजवरचं एकमेव परमवीर चक्र त्यांचं.

पण पुढे याच स्क्वाड्रनकडे मिग-२७ आली आणि काम पार बदललं: हवाई संरक्षणाऐवजी जमिनीवरच्या लक्ष्यांवर मारा. (मिग-२७ ला नावं ठेवणारे बरेच, मला ते विमान आवडायचं.) २०१६ मध्ये या स्क्वाड्रनची मिग-२७ निवृत्त झाली, स्क्वाड्रनही काही काळ विमानांविना राहिली. मे २०२० मध्ये तमिळनाडूतल्या सुलूरला तेजस या देशी लढाऊ विमानांवर ती पुन्हा उभी राहिली. ४५ स्क्वाड्रननंतर तेजस मिळालेली ही दुसरी स्क्वाड्रन.