‘दंड घालणे’ आणि ‘ठिगळ लावणे’ यांत फरक काय?

आजीच्या ट्रंकेत धडप्यांचं गाठोडं निघालं. इरकलचे काठ, खणाचे तुकडे, एका लुगड्याचा अर्धा पदर. त्यांची वाकळ शिवायला घेतलीय. तेवढ्यात लेकीच्या कापडी हत्तीचं पोट फाटलं. तो कुशीत नसला तर ती झोपत नाही. आई म्हणाली, “ठिगळ नको, दंड घाल.” म्हणजे नेमकं काय? हा शब्द आमच्या सोलापूरकडचाच आहे का?

— ताई, शब्द फक्त तिकडचा नाही. पुण्याकडच्या आणि मराठवाड्यातल्या जुन्या बायकांच्या तोंडीही ऐकलाय. नऊवारी लुगडं उठण्याबसण्यानं मधे विरतं, टोकं मात्र धड राहतात. विरलेला भाग कापून टाकायचा आणि धड तुकडे एकमेकांना जोडायचे, त्या जोडाला दंड म्हणतात. ठिगळ वरून बसतं, खालचं भोक तसंच राहतं. माझ्या मते आईंचं म्हणणं बरोबर आहे, कारण विरलेल्या कापडाला टाका धरतच नाही, ठिगळाच्या कडेनं पुन्हा फाटतं.

पण आधी नीट बघा, पोट फाटलंय की उसवलंय? नुसती शिवण उसवली असेल तर टाके घातले की झालं. विरलं असेल तर तेवढं कापड काढा. मात्र कडा थेट जोडल्या तर हत्ती आकसेल, म्हणून मधे पट्टा सांधा.

— जाता जाता, वाकळीबद्दल. आमच्या सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगू घरांत तिला ‘बोंत’ म्हणतात, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत ‘कौदी’. धावदोरा तोच, जुनी लुगडीही तशीच.

— बघितलं. विरलंच होतं, बोट लावलं तर आडवे धागे सुटून हातात आले. तेवढं कापलं, कापूस आत सारला आणि आजीच्या हिरव्या इरकलच्या काठाचा चार बोटं पट्टा मधे सांधला. दोन्ही जोड आईनं तिच्या हातानं घातले, टाके बारीक, एकसारखे. लेक शेजारी बसून होती. ‘दंड घातला’ हे ऐकून तिनं हत्तीला जवळ ओढलं आणि विचारलं, “त्याला कशाचा दंड? त्यानं काय केलं?”